कुळं वेगळी, वागणं एक

या पुस्तकात ज्या पक्ष्यांविषयी लिहिलं आहे, त्यांतला एकही महाराष्ट्रात किंवा गोव्यात आढळत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुस्तक पिशवीत टाकून ताडोब्याला जाणारा कुणीतरी प्रस्तावना लिहिणाऱ्याला दूषणं देईल. कावळ्याच्या कुळातले आपल्या रोजच्या ओळखीचे पक्षी म्हणजे घरकावळा, डोमकावळा आणि रानात गेलात तर टकाचोर. जे-पक्षी पाहायचा तर निदान हिमालय गाठावा लागतो. कुमाऊंत पंगोट, बिनसर या बाजूला बांज ओकच्या रानात दोन जे-पक्षी दिसतात. एक काळ्या डोक्याचा, गळ्यावर पांढऱ्या रेघा असलेला. दुसरा विटकरी अंगाचा, काळ्या मिशीचा. दोघांच्याही पंखांवर निळ्या-काळ्या बारीक पट्ट्या. पुण्या-मुंबईचे पक्षीनिरीक्षक तिथे जातात, दोघांचे फोटो काढतात, वहीत दोन नावं लिहितात आणि पुढच्या पक्ष्याकडे वळतात. हे पुस्तक त्या दोन नावांपाशी थांबतं आणि तिथून सगळ्या उत्तर गोलार्धात फिरून येतं.

एक जे-पक्षी आपल्याकडेही आहे, असं जुनी इंग्रजी पुस्तकं चाळलेल्यांना वाटेल. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख, आपला चास, इंग्रज अमदानीत ‘ब्लू जे’ म्हणून ओळखला जाई. त्याचा जे-पक्ष्यांशी काही संबंध नाही. त्याचे जवळचे नातलग खंड्या आणि वेडा राघू. पण साहेबाला हसण्याआधी हे लक्षात घ्यावं की, खुद्द लिनियसनं 1758 मध्ये या पक्ष्याला ‘कॉर्व्हस’ या कावळ्यांच्याच प्रजातीत टाकलं होतं. युरोपातला जे-पक्षी, अमेरिकेतला निळा जे, उत्तरेकडच्या बर्फाळ रानातला सायबेरियन जे हेही त्याच कोठारात होते. लिनियसचा कॉर्व्हस म्हणजे मध्यम अंगाचे, जाड चोचीचे, कर्कश ओरडणारे पक्षी ठेवायची एक मोठी खोली होती. त्यानंतरची अडीचशेहून अधिक वर्षं ही खोली आवरण्यात गेली आहेत आणि आवराआवर अजून संपलेली नाही.

मग जे-पक्षी म्हणजे नेमका कोण? सर्वसाधारण वर्णन करणं सोपं आहे. झाडांत राहणारा, रंगीत, गोंगाट्या. किडे, फळं, दुसऱ्यांची अंडी, जे मिळेल ते खाणारा. आणि हिवाळ्यासाठी अन्न लपवून ठेवणारा. हे वर्णन बहुतेकांना लागू पडतं. पण त्यावरून ते सगळे एका घराण्याचे आहेत असं म्हणता येत नाही, आणि या पुस्तकाचा सगळा खटाटोप या एका मुद्द्याभोवती आहे. डीएनएवर आधारलेल्या अलीकडच्या मांडणीत कावळ्यांच्या कुळाचे पाच उपकुळांत भाग पडतात. त्यांतल्या तीन वेगवेगळ्या उपकुळांत जे-पक्षी विखुरलेले आहेत. अमेरिका खंडांतले बहुतेक जे-पक्षी एका उपकुळात. पेरिसोरियस प्रजातीतले तीन, म्हणजे सायबेरियन जे, कॅनडा जे आणि पश्चिम चीनच्या उंच सूचिपर्णी रानातला सिचुआन जे, दुसऱ्या उपकुळात. त्यांच्या सोबतीला पूर्व आशियातला निळ्या पंखांचा मॅग्पाय. आणि युरोप-आशियातला गॅरुलस, ज्याला आपण हिमालयात पाहतो, तो तिसऱ्यात, खुद्द कावळ्यांच्या सोबत. मध्य आशियाच्या वाळवंटी प्रदेशात जमिनीवर धावणारे पोडोसेस प्रजातीचे भू-जेसुद्धा याच तिसऱ्या उपकुळात आहेत, पण त्यांची शाखा गॅरुलसहून निराळी.

याचा अर्थ काय होतो ते कॅनडातल्या ओंटारिओत कळतं. तिथे हिवाळ्यात दाणे टाकलेल्या एकाच फळीवर निळा जे आणि करडा कॅनडा जे शेजारी शेजारी येतात. आकार जवळपास सारखा, धीटपणा सारखा, खाणं उचलून कुठेतरी लपवायला नेण्याची घाईही सारखी. कुणीही म्हणेल, चुलतभाऊ आहेत. प्रत्यक्षात कॅनडा जेचे सगळे जवळचे नातलग पॅसिफिकच्या पलीकडे आहेत, आणि निळा जे हा हिरव्या, पांढऱ्या, काळ्या अशा अनेक रंगांच्या, दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरलेल्या एका मोठ्या अमेरिकन शाखेचा सदस्य आहे. आपल्या कुमाऊंमधला जे या दोघांपेक्षाही घरासमोरच्या कावळ्याला जास्त जवळचा.

या अभ्यासाचा इतिहास सांगताना एक गोष्ट मला टाळता येत नाही. 1741 च्या जुलै महिन्यात, अमेरिकेच्या शोधात निघालेल्या बेरिंगच्या रशियन मोहिमेतलं जहाज आजच्या अलास्काजवळ कायाक बेटापाशी थांबलं. जहाजावरच्या गेऑर्ग श्टेलर या निसर्गअभ्यासकाला किनाऱ्यावर जेमतेम दहा तास मिळाले. त्याच्या कोसॅक साथीदारानं एक गडद निळा, तुरेवाला पक्षी मारून आणला. मार्क केट्सबीच्या ग्रंथातलं अमेरिकन निळ्या जेचं चित्र श्टेलरला आठवलं. पक्षी तोच नव्हता, पण त्याच वळणाचा होता, आणि तेवढ्यावरून त्यानं ठरवलं की आपण अमेरिकेत पोहोचलो आहोत. वर्गीकरण म्हणजे संग्रहालयातल्या कपाटांची शिस्त, असं समजणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. इथे एका पक्ष्याच्या नात्यावरून खंड ओळखला गेला. त्या पक्ष्याला पुढे 1788 मध्ये श्टेलरचंच नाव मिळालं.

19वं शतक कातड्यांचं आणि लेबलांचं. जगभरातून भुसा भरलेले पक्षी लंडन, पॅरिस, बर्लिनला जात होते आणि लिनियसच्या खोलीतून एकेक प्रजाती बाहेर काढली जात होती. या शतकातला आपल्या वाचकाला जवळचा वाटेल असा माणूस म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. 1885 च्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यामागचे ह्यूम ते हेच. भारतातल्या पक्ष्यांचा त्यांच्याइतका मोठा संग्रह त्या काळी दुसऱ्या कुणाकडे नव्हता. 1870 मध्ये सरकारी शिष्टमंडळ यारकंदला गेलं, त्याच्याबरोबर डॉ. हेंडरसन होते. त्यांनी आणलेल्या पक्ष्यांमधून ह्यूमनी 1871 मध्ये दोन नवे भू-जे जाहीर केले. एक हेंडरसनच्या नावाचा. तो आजही भू-जेच आहे. दुसरा लहानसा, मातकट, वाकड्या चोचीचा. तिबेटच्या पठारावर झाडांच्या रेषेच्या वर राहणारा, उडण्यापेक्षा उड्या मारणं पसंत करणारा, जमिनीत बीळ खणून घरटं करणारा.

हा दुसरा पक्षी सव्वाशेहून अधिक वर्षं कावळ्यांच्या कुळात सुखानं नांदला. सालिम अलींच्या काळातली आपली पुस्तकंही त्याला तिथेच ठेवतात, आणि कुळातला सर्वांत छोटा सदस्य म्हणून त्याचा मान होता. 1978 मध्ये पंखांच्या आणि पायांच्या स्नायूंचा अभ्यास करून बोरेकी या संशोधकानं हा पक्षी कावळ्यांच्या कुळातला नाही, त्याला बाहेर काढा, असं लिहिलं. फारसं कुणी ऐकलं नाही. 2003 मध्ये हेलन जेम्स आणि सहकाऱ्यांनी हाडं आणि डीएनए दोन्ही तपासून दाखवलं की, हा टिट आहे. म्हणजे आपल्या बागेत, रानात फांद्यांना लोंबकळत किडे शोधणाऱ्या चिमुकल्या राखी टिटचा भाऊबंद. उघड्या पठारावर राहून त्याचं अंग, चोच, चाल सगळं बदललेलं. सर्वांत छोटा असण्याचा मान मग मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगररानातल्या ठेंगण्या जेकडे गेला. उत्तर सिक्कीमला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या यादीत हा पक्षी आता ‘ग्राउंड टिट’ म्हणून येतो, आणि त्यांच्या वडिलांच्या पिढीच्या पुस्तकात कावळ्यांच्या पानावर सापडतो. मला या प्रकरणात ह्यूमची चूक दिसत नाही. त्यांच्या हातात जे होतं त्यावरून दुसरा कुणीही तेच म्हणाला असता. उलट मधल्या पंचवीस वर्षांचा आळस मला जास्त खटकतो.

मलाया, सुमात्रा, जावा, बोर्निओतल्या तुरेवाल्या जेचीही अशीच हकालपट्टी झाली. आज त्याचं स्वतंत्र कूळ मानतात आणि त्या कुळात तो एकटाच आहे.

20व्या शतकाच्या मध्याला वारं उलट्या दिशेनं वाहू लागलं. एर्न्स्ट मायर यांच्या विचाराचा जोर होता: ज्यांचं आपसात प्रजनन होऊ शकतं ती एक जात, आणि दूर राहणाऱ्या, थोड्या वेगळ्या दिसणाऱ्या गटांना शक्यतो उपजाती माना. डीन ॲमाडननी 1944 मध्ये कावळ्यांच्या कुळातल्या प्रजातींचा फेरआढावा घेतला. फ्रँक पिटेल्कांचा 1951 चा अमेरिकन झुडपी जे-पक्ष्यांवरचा ग्रंथ या शाळेचं सर्वोत्तम काम. हजारो कातडी मोजून त्यांनी कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, आतल्या कोरड्या डोंगराळ भागातले आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या सांताक्रूझ बेटावरचे सगळे झुडपी जे एकाच जातीत बसवले. आज तो निष्कर्ष कुणी मानत नाही. पण आजचे अभ्यासक ज्या प्रश्नांवर भांडतात, म्हणजे चोचीचा आकार आणि झाडाची जात यांचा मेळ, गटांच्या सीमा, संकराचे पट्टे, ते सगळे प्रश्न पिटेल्कांच्या पानांवर आहेत. चुकलेल्या निष्कर्षाचं पुस्तक इतकं टिकाऊ असू शकतं, हे विज्ञानाबाहेरच्या वाचकाला कदाचित विचित्र वाटेल.

याच सुमाराला, थोड्या नंतर, ब्रिटनमध्ये डेरेक गुडविन पक्षी पाळून, न्याहाळून लिहीत होते. 1976 चा त्यांचा कावळ्यांवरचा ग्रंथ वर्गीकरणात वागणुकीला पुरावा म्हणून उभं करतो: तुरा कसा उभारतात, पिल्लं अन्न कसं मागतात, मुंग्या अंगावर कशा घेतात. ही वाट पुढे थोडी मागे पडली याची मला खंत वाटते.

मग डीएनए आला. पण त्याआधी, 1987 मध्ये, रिचर्ड झुसी यांनी एक सुंदर गोष्ट दाखवली होती. अमेरिकन जे-पक्ष्यांच्या खालच्या जबड्याच्या सांध्याला हाडाचा एक खास टेकू असतो. त्यामुळे ओकचं फळ पायांत घट्ट धरून, चोच किंचित उघडी ठेवून, फक्त खालच्या चोचीनं छिन्नीसारखे घाव घालता येतात आणि धक्का कवटी झेलते. पेरिसोरियसमध्ये हा टेकू नाही. रंग, आवाज, आकार यांनी जे लपवलं होतं ते जबड्याच्या एका कोपऱ्यात लिहिलेलं होतं. 2005 मध्ये पेर एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा संपूर्ण कुळाचा डीएनए-अभ्यास आला, तेव्हा अमेरिकन जे एका शाखेवर आणि पेरिसोरियस भलतीकडे, हेच चित्र पक्कं झालं. रेणूंचे अभ्यासक आणि हाडांचे अभ्यासक एकमेकांना पाण्यात पाहतात असा एक समज आहे. इथे तरी दोघांची साक्ष जुळली.

पिटेल्कांची मोठी जात पुन्हा फुटली ती टप्प्याटप्प्यानं. 1995 मध्ये अमेरिकेतल्या पक्षीशास्त्रज्ञांच्या अधिकृत समितीनं तिचे तीन भाग केले: फ्लोरिडातला, बेटावरचा आणि पश्चिमेकडचा. 2016 मध्ये पश्चिमेकडच्याचेही दोन झाले. किनाऱ्यालगतचा कॅलिफोर्निया जे ओकच्या रानात राहतो, त्याची चोच जाड आणि टोकाला आकड्यासारखी. आतल्या भागातला वुडहाउसचा जे पाइन आणि जुनिपरच्या विरळ रानात राहतो, त्याची चोच बारीक आणि सरळ, शंकूच्या खवल्यांत घालून बी काढायला सोयीची. पश्चिम नेव्हाडात दोघांच्या सीमा भिडतात आणि तिथे संकरही होतो, पण तो पट्टा अरुंदच राहतो.

याचा एक गमतीचा परिणाम सांगतो. 1998 मध्ये निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग प्राण्यांच्या स्मृतीवरच्या प्रत्येक पुस्तकात येतो. जे-पक्ष्यांना शेंगदाणे आणि मऊ अळ्या लपवायला दिल्या. अळ्या लवकर नासतात. थोड्या वेळानं सोडलं तर पक्षी आवडत्या अळ्यांकडे जात, खूप उशिरा सोडलं तर शेंगदाण्यांकडे. काय लपवलं, कुठे लपवलं आणि कधी लपवलं, तिन्ही त्यांना आठवत होतं. पण त्या निबंधात पक्ष्याचं शास्त्रीय नाव जुन्या एकत्रित जातीचं आहे, आणि विभागणीनंतर ते नाव फ्लोरिडाच्या पक्ष्याकडे राहिलं. आज निबंध उघडणारा नवखा विद्यार्थी हा प्रयोग फ्लोरिडाच्या जेवर झाला असं धरून चालेल. वर्गीकरण बदललं की मागचं सगळं वाङ्मय नव्यानं वाचावं लागतं, ते असं.

आणि हा फरक किरकोळ नाही. फ्लोरिडाच्या जेचं घर निराळंच चालतं. मोठी झालेली पिल्लं आई-वडिलांजवळ थांबतात, धाकट्या भावंडांना भरवतात, पहारा देतात. ग्लेन वूल्फेंडन यांनी 1969 मध्ये फ्लोरिडातल्या आर्चबोल्ड केंद्रात या पक्ष्यांना रंगीत कडी घालून ओळखायला सुरुवात केली. पुढे जॉन फिट्झपॅट्रिक त्यांना मिळाले आणि तो अभ्यास आजही चालू आहे. कॅलिफोर्नियाचा जे सहसा असा एकत्र कुटुंबात राहत नाही. दोघांना एकच जात मानलं की एकाचं वागणं दुसऱ्याच्या माथी मारलं जातं.

आता हे सगळं आज वाचायचं कशासाठी? पहिलं कारण कायद्याचं. फ्लोरिडाच्या जेला अमेरिकेत 1987 मध्ये संरक्षण मिळालं तेव्हा तो कागदोपत्री एक उपजात होता. एका मोठ्या, सर्वत्र दिसणाऱ्या जातीचा कोपऱ्यातला तुकडा. आगीनं अधूनमधून साफ होणारी, ठेंगण्या ओकची वाळूवरची झुडपं हेच त्याचं घर, आणि तीच जमीन घरबांधणीला हवी. अशा वेळी ‘यासारखे पश्चिमेला लाखो आहेत’ हा युक्तिवाद होऊ शकतो की नाही, हे वर्गीकरणावर ठरतं. सांताक्रूझ बेट जेमतेम 250 चौरस किलोमीटरचं. तिथला जे जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्या एवढ्याशा जागेतही पाइनच्या रानातल्या पक्ष्यांच्या चोची लांब आणि ओकच्या रानातल्यांच्या आखूड-जाड आढळल्या आहेत. जपानच्या अमामी ओशिमा आणि शेजारच्या काही बेटांवरचा जांभळट-निळा लिड्थचा जे हा आपल्या काळ्या डोक्याच्या जेच्या जवळचा मानला गेला आहे. मध्ये सगळा चीन. सापांच्या बंदोबस्तासाठी अमामीत 1979 मध्ये मुंगूस सोडले गेले. त्यांनी साप सोडून बेटावरचे बाकीचे प्राणी खायला सुरुवात केली. ते मुंगूस पूर्णपणे हटवल्याचं 2024 मध्ये जाहीर झालं.

दुसरं कारण रानाचं. जे-पक्षी ओकची फळं हजारोंनी जमिनीत पुरतात आणि सगळी परत काढत नाहीत. उरलेली रुजतात. हिमयुगानंतर उत्तर अमेरिकेत ओक इतक्या वेगानं उत्तरेकडे कसे सरकले, याचं उत्तर अनेक अभ्यासक निळ्या जेकडे बोट दाखवून देतात. फळ जड आहे, वाऱ्यानं उडत नाही. खारी फार लांब नेत नाहीत. आपल्या हिमालयात बांजच्या रानावर पाण्यासाठी, चाऱ्यासाठी अख्खी गावं अवलंबून आहेत, आणि तिथले दोन जे या रानाच्या जगण्यात किती वाटेकरी आहेत, हा भारतातल्या तरुण अभ्यासकांनी उचलावा असा विषय आहे.

तिसरं कारण तापमानाचं. कॅनडा जे चिकट लाळेनं अन्नाचे गोळे करून झाडांच्या सालीत, फटींत चिकटवतो आणि भर हिवाळ्यात, बर्फात घरटं करतो. शरद ऋतू उबदार गेला की साठा नासतो. ओंटारिओच्या अल्गॉनक्विन अभयारण्यात, त्याच्या प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, संख्या घटण्याचं एक कारण हेच असावं असं अभ्यासक मांडतात. टेक्सासात याउलट झालं. हिरवा जे उत्तरेकडे सरकला, निळा जे पश्चिमेकडे, आणि दोघांचे प्रदेश एकमेकांत शिरले. 2025 मध्ये तिथल्या संशोधकांनी या दोघांच्या संकराचा, रानात जन्मलेला पक्षी जाहीर केला: आई हिरवी, बाप निळा. दोन्ही घराणी वेगळी होऊन निदान 70 लाख वर्षं झाली आहेत. एका पक्ष्यावरून मायर यांची व्याख्या मोडीत निघत नाही, पण वर्गशिक्षकांना फळ्यावर लिहायला एक अवघड उदाहरण मिळालं.

या पुस्तकाच्या लेखकानं या सगळ्या पसाऱ्यातून निवड करताना एक ठाम भूमिका घेतली आहे. पुस्तक कुळवार नाही, वागणुकीप्रमाणे लावलेलं आहे: साठवणारे, एकत्र कुटुंबात राहणारे, बेटांवर अडकलेले, जमिनीवर उतरलेले, आणि शेवटी ज्यांना जे-पक्षी म्हणवून घेण्याचा हक्कच नाही ते. त्यामुळे तीन उपकुळांतले पक्षी एका प्रकरणात शेजारी येतात. एखाद्या वर्गीकरणशास्त्रज्ञाला हे पाहून घाम फुटेल. मला ही मांडणी पटते, कारण ओकच्या आणि सूचिपर्णी रानात राहून, साठा करून हिवाळा काढण्याची रीत वेगवेगळ्या शाखांत का दिसते, हा प्रश्न तिच्यामुळे डोळ्यांआड होत नाही. नात्यांचा वृक्ष स्वतंत्र तक्त्यात दिला आहे. प्रत्येक प्रकरण वाचताना तो उघडा ठेवावा. एक उणीव मात्र सांगायला हवी. दक्षिण अमेरिकेतल्या मेघरानांतल्या जे-पक्ष्यांना फार थोडी पानं मिळाली आहेत, आणि त्यांच्यावर झालेलं काम पाहता ती आणखी मिळायला हवी होती.

जाती किती मानायच्या यावर लेखक कुणा एका शाळेचा झेंडा घेत नाही. युरेशियन जेच्या तीसहून अधिक उपजाती सांगितल्या जातात; पोर्तुगालपासून जपानपर्यंत डोक्याचा रंग काळा, तांबूस, रेघांचा, पांढरट असा बदलत जातो. हिमालयातला बिनरेघांच्या डोक्याचा आणि म्यानमारपासून पुढचा पांढऱ्या चेहऱ्याचा, या दोघांना काही याद्या आता स्वतंत्र जाती मानतात, काही मानत नाहीत. जगातल्या वेगवेगळ्या पक्षीयाद्या एकत्र करून 2025 च्या जूनमध्ये ‘एव्हीलिस्ट’ ही 11,131 जातींची सामाईक यादी प्रसिद्ध झाली, तरी असे वाद एका रात्रीत मिटणारे नाहीत. म्हणून पुस्तकाअखेरच्या नामसूचीत प्रत्येक वादग्रस्त पक्ष्यासमोर दोन्ही नावं छापली आहेत आणि उजवीकडे एक स्तंभ कोरा सोडला आहे. पंगोटला जाणाऱ्यांनी आपल्या नोंदीत ठिकाण, उंची आणि डोक्याच्या रंगाचा फोटो जपून ठेवावा. जात फुटली तर जुन्या नोंदी कुठल्या नावाखाली न्यायच्या ते त्यावरून ठरेल.